विरहाच्या गाण्यांच्या व्हिडिओत कॅमेरा नेमकं काय करतो? सगळे व्हिडिओ सारखेच असूनही एखादाच का लागतो?

तुम्ही विचारलंय की प्रेमभंगाच्या प्रत्येक व्हिडिओत तोच पाऊस, तीच खिडकी, तेच स्लो मोशन असतं. मग त्यातला एखादाच डोळ्यांत पाणी का आणतो? मी सोलापुरात शूटिंगची कामं करतो. लग्नसराईत लग्नं, बाकीच्या महिन्यांत यूट्यूबसाठी अल्बमची गाणी. त्यातली निम्मीअधिक गाणी विरहाचीच असतात. त्यामुळे हा प्रश्न माझ्याही डोक्यात रोज असतो, आणि उत्तर थोडं सविस्तर देतो.

माझ्या मते प्रेमभंगाचं खरं काम फ्रेममधल्या रिकाम्या जागेवर चालतं. आणि ती जागा आधी भरलेली दाखवली असेल तरच नंतर रिकामी वाटते.

मागच्या उन्हाळ्यातलं एक काम सांगतो. कंबर तलावाच्या काठचा कट्टा. पहिल्या कडव्यात दोघं बसलेली, तो डावीकडे, ती उजवीकडे, मधे शेंगांची पुडी. कॅमेरा स्टँडवर, ५० एमएमची लेन्स, मागे पाणी. तिसऱ्या कडव्यात तोच कट्टा, तीच लेन्स, कॅमेऱ्याची उंचीसुद्धा तीच, पण तो एकटा. काम करणारा मुलगा गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसणारा, कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदाच आलेला. प्रत्येक टेकला तो नकळत मधे सरकायचा. एकटा माणूस कट्ट्यावर मधेच बसणार, त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पण तो मधे आला की शॉट मरायचा. एक पोरगा तळ्याकाठी बसलाय, एवढंच दिसायचं. चौथ्या टेकनंतर तो म्हणाला, "दादा, मी कुठं चुकूलालोय?" मी खडूनं कट्ट्यावर रेघ मारली आणि म्हणालो, "या रेघेच्या पलीकडं ती बसायची. तिकडं जायचं नाही." त्यानं रेघेकडे बराच वेळ बघितलं. मग बसला, आणि मी काही न सांगता शेंगांची पुडी उचलून परत मधे ठेवली.

तो शॉट लागला. अश्रू नाहीत, ग्लिसरीन नाही, त्याचा चेहरासुद्धा लांबूनच दिसतो. पण अर्धी फ्रेम मोकळी आहे आणि बघणाऱ्याला माहीत आहे की तिथं कोण होतं.

यातच कॅमेऱ्याची आणखी एक खोड आहे. माणूस ज्या बाजूला बघतो त्या बाजूला जागा सोडायची, हे कुठलाही कॅमेरामन पहिल्या आठवड्यात शिकतो. नजरेला वाट मिळाली की बघणाऱ्याला बरं वाटतं. विरहात ही शिस्त मुद्दाम मोडतात. माणसाचं नाक फ्रेमच्या कडेला टेकवायचं आणि सगळी मोकळी जागा त्याच्या पाठीमागे सोडायची. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण जीव गुदमरतो. पुढे वाट नाही, मागे नुसती पोकळी. पुढच्या वेळी एखादा व्हिडिओ लागला की तिथं थांबवून बघा, बहुतेक वेळा हे सापडेल.

ही जागेची भाषा आपल्याकडे फार जुनी आहे. आपल्याकडचा संगीत व्हिडिओ चित्रपटातल्या गाण्याच्याच घरात वाढला, म्हणून तिथलं उदाहरण देतो. १९५९ सालच्या 'कागज के फूल'मध्ये गीता दत्त यांनी गायलेलं 'वक्त ने किया' आठवा. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी मोठ्या आरशांनी बाहेरचं ऊन स्टुडिओत वळवून आणलं आणि अंधारात प्रकाशाचा एकच जाड झोत टाकला. नायक-नायिका एकमेकांपासून लांब उभी. ओठ कुणाचेच हलत नाहीत, गाणं पार्श्वभूमीवर चालू. मग दोघांच्या देहातून त्यांच्याच पुसट प्रतिमा निघतात आणि एकमेकींकडे जातात; देह मात्र जागच्या जागी. दोन माणसांमधलं अंतर हेच तिथलं मुख्य पात्र आहे. आज आमच्याकडे ड्रोन आहे, हातातला कॅमेरा स्थिर ठेवणारं गिंबल आहे, हातातल्या फोनवर पार्श्वभूमी धूसर होते, तरी तेवढं अंतर दाखवायला धीर लागतो आणि तो फार थोड्यांकडे असतो.

याच्या अगदी उलटा रस्ता म्हणजे चेहरा. १९९० साली आलेला आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनरचा 'नथिंग कम्पेअर्स टू यू' बघितला नसेल तर जरूर बघा. दिग्दर्शक जॉन मेबरी. मधे मधे पॅरिसच्या बागेत ती चालताना दिसते, पण व्हिडिओचा जीव म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवरचा तिचा चेहरा. बारीक कापलेले केस, काळा पोशाख, थेट लेन्समध्ये नजर. लपायला केससुद्धा नाहीत. गाण्यात आईनं लावलेल्या फुलांची ओळ येते आणि पुढे तिच्या गालांवरून पाणी ओघळतं. तिची आई १९८५ मध्ये अपघातात गेली होती. त्या ओळीला आईचीच आठवण आली, असं तिनं पुढे सांगितलं. म्हणजे गाणं प्रियकराचं आणि रडणं आईचं. त्या क्षणी कॅमेरा हलला असता, दुसरा शॉट जोडला असता, तर ते निसटून गेलं असतं.

इथं मला आमच्या गावचा माणूस आठवतो, शाहीर राम जोशी. पेशवाईतले लावणीकार, मूळचे सोलापूरचे. आणि लावणी म्हटलं की मला बैठकीची लावणी आठवते. गाणारी बसून गाते. पाय नाहीत, गिरकी नाही. एकच ओळ ती पाच-सहा वेळा घेते आणि दर वेळी भुवई वेगळी, मान वेगळी, हाताचा पंजा वेगळा. पहिल्यांदा तक्रार, दुसऱ्यांदा लाडीगोडी, तिसऱ्यांदा राग, मग नुसतं समोर बघणं. समोरचे लोक हातभर अंतरावर बसलेले. कॅमेरा नव्हता तेव्हाचा हा क्लोजअपच आहे. विरहाच्या गाण्यात ध्रुवपद परत परत येतं तेव्हा मी कलाकाराला हेच सांगतो की ओळ तीच आहे, पण दर वेळी तू वेगळ्या माणसाशी बोलतोयस: पहिल्यांदा तिच्याशी, मग मित्राशी, शेवटी स्वतःशी. शेवटच्या वेळी लेन्सकडे बघायचं नाही.

आता तुमच्या तक्रारीकडे येतो, की सगळं सारखंच असतं. असतं, मान्य. पण ठरलेल्या खुणांना मी नावं ठेवत नाही. पाऊस-ढग काही सिनेमावाल्यांनी शोधले नाहीत. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत, म्हणजे विरहाच्या अभंगांत, ढग गर्जतात, वारा वाहतो, आणि अंगाला गार वाटायचं ते चंदनच पोळतं. संस्कृतात तर विरहाच्या शृंगाराला विप्रलंभ असं वेगळं नावच आहे. खूण ओळखीची असली की बघणारा पहिल्या दहा सेकंदांत गाण्यात शिरतो. चार मिनिटांच्या व्हिडिओत तेवढं उसनं घ्यावंच लागतं. प्रत्येक प्रकाराच्या खुणा मात्र वेगळ्या. रॉकमध्ये बँड एका ओसाड जागी वाजवत राहतो आणि गोष्ट मधे मधे येते. पंजाबी गाण्यात आधी संवाद, मोठा बंगला, मग तिचं लग्न आणि जिन्याखाली उभा तो. आमच्या मराठी अल्बममध्ये एसटी स्टँड, मोटरसायकल, फोनवर ब्लॉक झालेला नंबर, आणि हमखास वरात.

वरातीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ती आपली स्वतःची खूण आहे. बहुतेक जण वरात दाखवतात: घोडा, डीजे, नाचणारी पोरं, आणि कोपऱ्यात उभा नायक. खर्च मोठा आणि परिणाम थोडा, कारण डोळा नाचणाऱ्यांकडेच जातो. मी एकदा वरात दाखवलीच नाही. अशोक चौकाच्या बाजूला एका जुन्या घरात शूट होतं, बाहेरच्या खोलीत माग, आत चूल. मुलगा आत अंधारात बसलेला. बाहेरून डीजेचे लाल-निळे दिवे खिडकीतून भिंतीवर पडतात, सरकतात, त्याच्या चेहऱ्यावरून जातात आणि पुढच्या घराच्या भिंतीवर दिसेनासे होतात. दिवे आम्हीच दोघं हातात धरून बाहेरून फिरवत होतो. दिवे गेले, अंधार उरला. वरात गल्लीतून गेली हे प्रत्येकाला कळलं, कारण प्रत्येकानं कधी ना कधी अशी वरात घरात बसून ऐकलेली असते. खूण तीच, पण बघायची जागा बदलली.

खोट्या पावसाचा मात्र मला मनापासून कंटाळा आहे. सोलापुरात टँकर मागवून पाऊस पाडायचा, आणि तोही दुष्काळी गावात, हे मला पटत नाही. आमच्याकडे विरहाला एप्रिलची दुपार आहे. बारा ते चार रस्ते ओस, दारं लोटलेली, पारा बेचाळीसच्या पुढे, बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीवर पांढरं ऊन. लोक म्हणतात दुःख म्हणजे निळा रंग, आणि एडिटला बसले की सगळं निळं करून टाकतात. आमचं ऊन पिवळं आहे, ते पिवळंच राहू द्यावं. जळत्या दुपारी एक माणूस सावली सोडून चालतोय, याहून एकटेपणा काय दाखवायचा?

स्लो मोशनबद्दल एक आतली गोष्ट. गाणारा ओठ हलवतोय आणि तरी सगळं संथ आहे, असा शॉट तुम्ही पाहिला असेल. ते असं करतात: सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेम घेतात आणि शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगानं वाजवतात. कलाकार घाईघाईनं ओठ हलवतो. मग तेच २५ वर चालवलं की ओठ गाण्याला बरोबर बसतात, पण पापणी, केस, श्वास, उडणारी धूळ सगळं अर्ध्या वेगानं. तो सगळ्यांसारखा बोलतोय, पण त्याचा वेळ सगळ्यांसारखा चालत नाही. प्रेमभंगातल्या माणसाची अवस्था हीच असते, म्हणून ही युक्ती टिकून आहे. नुसतं चालणं स्लो करून मात्र काही होत नाही.

वेळेशी खेळण्यात सगळ्यात पुढे गेलेला व्हिडिओ माझ्या मते कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा 'द सायंटिस्ट', २००२ सालचा, दिग्दर्शक जेमी थ्रेव्हज. अख्खी गोष्ट उलटी चालते. गायक ख्रिस मार्टिनला गाणं उलटं म्हणायला शिकावं लागलं, म्हणजे उलटं चालवल्यावर ओठ सुलटे दिसतील. तो मागे मागे चालत जातो आणि शेवटी कळतं की आपण एका अपघाताकडे चाललोय. गाडी परत रस्त्यावर येते, बाहेर फेकली गेलेली ती परत आत येते, शेजारी बसते. व्हिडिओ संपतो तेव्हा ती जिवंत आहे. परत जाता आलं असतं तर, हा विचार प्रत्येक विरही माणूस रात्री करतो. इथं कॅमेऱ्यानं तो खरा करून दाखवला. आणि बघा, इथंही शेजारची जागाच आहे, फक्त उलट्या क्रमानं रिकामीची भरलेली झाली.

कंबर तलावाच्या त्या शूटचं एक राहिलं. शेवटचा टेक चालू होता, ऊन उतरत आलेलं. भाजीची पिशवी घेतलेल्या एक मावशी चालत आल्या, कॅमेरा त्यांना दिसलाच नाही, आणि दमून थेट खडूच्या रेघेपलीकडे, तिच्या जागेवर टेकल्या. मी थांबवणार होतो. मुलानं त्यांच्याकडे बघितलं, गाणं म्हणायचं विसरला, आणि मधली शेंगांची पुडी हळूच त्यांच्याकडे सरकवली. मावशींनी चार शेंगा घेतल्या. गाण्याच्या मालकाला तो टेक चालणार नव्हता, ओठ जुळत नव्हते. बरीच वादावादी झाली, पण व्हिडिओ त्याच शॉटवर संपतो.