स्पेनच्या डोंगराळ खेड्यांतून रोड सायकलिंग करायचंय, जुलैत 6 दिवस आहेत, रोज 100 किमीचा प्लॅन आहे, कुठे जाऊ?

तुम्ही लिहिलंय की वीकेंडला सिंहगड आणि कात्रज करता, म्हणजे पायात दम आहे, त्याची काळजी नाही. पण आधी तो जुलै सोडा आणि मग ते शंभर पण सोडा. मी दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात 7 दिवस चालवली, सिएरा दे ग्राथालेमा नावाच्या नॅचरल पार्कात (नकाशात झेड दिसेल, तिकडे त्याचा थ करतात), त्यामुळे तिथलंच सांगतो. सगळ्या स्पेनबद्दल ज्ञान द्यायला मी काही तिकडचा जावई नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या खोऱ्यात पारा 40 च्या आसपास असतो आणि रस्त्याला सावली म्हणाल तर नाहीच. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर धरा. हिवाळ्यात थंडी कमी, पण पाऊस. आपल्याकडे अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकून महाबळेश्वरला रिकामे होतात ना, तसेच तिकडे अटलांटिकवरचे ढग ग्राथालेमाच्या डोंगराला धडकतात, वर्षाला 2000 मिमीच्या आसपास पाऊस, स्पेनमधल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी एक. फक्त तो पडतो हिवाळ्यात. म्हणून एप्रिलमध्ये सगळं हिरवंगार असतं, आणि आपल्या डोक्यातला कोरडा भगभगीत स्पेन कुठे गेला असं वाटत राहतं.

आता शंभर किमीचं. तिकडची ती पांढऱ्या चुन्याची गावं एकजात टेकडीच्या डोक्यावर. उगाच नाही, हा शेकडो वर्षं ख्रिश्चन आणि मुसलमान राज्यांमधला सरहद्दीचा पट्टा होता, आपल्या गडांसारखंच, वर बसून खालची वाट राखायची. थाआरा दे ला सिएरा हे गाव 1481 च्या डिसेंबरात ग्रानादाच्या सुलतानाने छापा घालून घेतलं आणि त्यातून ग्रानादाचं युद्ध पेटलं, त्याचा बुरूज अजून वर उभा आहे. आता सायकलवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय, तर दुपारचं जेवण चढावर, कॉफी चढावर आणि दिवसभर मरमर करून आल्यावर हॉटेल पण चढावर. मी पहिल्या दिवशी 95 किमीचा रूट टाकला होता, 60 ला गार झालो. किमी बघूच नका, दिवसाची एकूण चढाई बघा, 1000 ते 1300 मीटर पुष्कळ झाले.

एकच गाव बेस धरा, रोज सामान हलवू नका. मी ग्राथालेमात राहिलो. मालागाला उतरायचं, तिथून रोंदा, रोंदाहून हे गाव तीसेक किमी. गावाच्या मागूनच पुएर्तो दे लास पालोमास खिंडीचा रस्ता वर जातो आणि पलीकडे थाआराच्या तलावापर्यंत 12-13 किमी उतरतो. याचा चाळीसेक किमीचा लूप होतो आणि तो दोन्हीकडून करा. पहिल्या दिवशी ग्राथालेमाकडून चढा, चढ छोटा आहे, उतार मोठा, नंतर तलावाच्या कडेने सावकाश परत. दोन-तीन दिवसांनी पाय मोकळे झाले की उलटा करा. तेव्हा कळेल. सिंहगड जास्त खडा आहे हो, पण सिंहगड लवकर संपतो, हा संपत नाही, 7 टक्क्यांच्या आसपासचा चढ तास-सव्वातास चालूच, वळणावर वळणं आणि प्रत्येक वळणावर तलाव थोडा अजून लहान झालेला. निळा-हिरवा रंग इतका की फोटोत खोटा वाटतो. वर पोचलात की गिधाडं दिसतील, ग्रिफॉन जातीची, मोठी कॉलनी आहे तिकडे, आणि गंमत म्हणजे ती खालच्या दरीत घिरट्या घालत असतात, म्हणजे आपण त्यांची पाठ बघतो. मी तिथे अर्धा तास नुसता बसून होतो, अॅव्हरेज स्पीडची आईशप्पथ आठवणसुद्धा झाली नाही.

पिन्सापोचं जंगल पण इकडेच, हिमयुगापासून तग धरून राहिलेलं फरचं झाड. दुसऱ्या दिशेला, उब्रिके गावाच्या खाली आल्कोर्नोकालेस पार्क लागतं, बुचाच्या ओकचं. बाटलीचं बूच ज्या सालीचं होतं ती साल नऊ-दहा वर्षांतून एकदा काढतात, काढलेले बुंधे लालसर तपकिरी दिसतात, जणू झाडाने अर्धी चड्डी घातलीय. ट्रॅफिक जवळजवळ शून्य, मला एका सकाळी दीड तासात चार गाड्या आणि एक बकऱ्यांचा कळप भेटला. गाडीवाले दीड मीटर सोडूनच ओव्हरटेक करतात, कायदाच आहे, आणि जागा नसेल तर मागे गप थांबतात, हॉर्न नाही. पहिले दोन दिवस मला उगाच अपराधी वाटायचं. तुमच्या बाजूने हेल्मेट सक्तीचं, इयरफोन बंद.

व्हिया वेर्देची जाहिरात दिसेल, ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो 36 किमी, जुना रेल्वेमार्ग ज्यावरून कधी ट्रेन धावलीच नाही, 30 बोगदे. छान आहे पण मातीचा, रोड सायकलच्या बारीक टायरला मानवत नाही. गेलातच तर लाइट हवा.

खाण्याचं घड्याळ मात्र नीट समजून घ्या, मी यात मार खाल्लाय. दुपारी दोननंतर दुकानं बंद ती पाच-साडेपाचपर्यंत, रविवारी दिवसभर. आणि जेवण साधारण दोन ते चार, चारनंतर किचन बंद, रात्री साडेआठच्या आधी विचारलंत तर तुमच्याकडे आजारी असल्यासारखं बघतात. मी एकदा सव्वाचारला एका गावात पोचलो तर मिळाल्या फक्त वेफर्स. सकाळी बारमध्ये टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलाचा टोस्ट खा, कॉफी प्या, खिशात केळी ठेवा. शाकाहारी असाल तर 'मांस नको' सांगून भागत नाही, हॅम आणि ट्यूना हे त्यांच्या लेखी मांसात मोडतच नाही बहुतेक. 'सिन हामोन, सिन आतून' (हॅम नको, ट्यूना नको) पाठ करा. पालक-चणे भाजी मिळते काही ठिकाणी, अगदी घरची आठवण येते. आणि पायोयो बकरीचं चीज सोडू नका.

सायकल भाड्याने घ्या, विमानातून न्यायची झंझट नको, मागे 34 दाताचा गिअर आणि 28 चे टायर मागून घ्या. फक्त एक गोष्ट सांभाळा. माझ्या पुण्यातल्या सायकलला पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे, तिकडे बहुतेक डावीकडे असतो. दुकानदाराने सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि पालोमासच्या उतारावर एका वळणात मागचा समजून पुढचा दाबला. पडलो नाही, पण मागचं चाक उचललं गेलं ते आठवून आत्तासुद्धा हाताला घाम येतो. दुकानाबाहेरच चार चकरा मारून घ्या, वाटल्यास लिव्हर बदलून मागा, ते देतात करून.