पगार तुटपुंजा, घराचा हप्ता, आईची औषधं: अशात देवाला पहिलं स्थान कसं द्यायचं?

सलाम. तुम्ही विचारलंय की 30 हजार पगारातून घराचा हप्ता आणि आईची औषधं गेल्यावर दशमांश, म्हणजे मिळकतीतला देवाचा दहावा हिस्सा, काढायचा कुठून, आणि तो निघत नसेल तर देवाला पहिलं स्थान दिलं असं म्हणता येईल का. याच प्रश्नाशी मी बरीच वर्षं झगडलोय, म्हणून लिहितो.

आमचं गाव नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातलं. आजी भाकरी करायला बसली की परातीत पीठ घ्यायची आणि पाणी घालायच्या आधी त्यातली एक मूठ उचलून चुलीमागच्या डब्यात टाकायची. रविवारी ते पीठ फडक्यात बांधून उपासनेला न्यायची. 1972 च्या दुष्काळात घरची माणसं खडी फोडायला जात होती, रेशनवर मिलो ही परदेशी ज्वारी मिळायची आणि तिची भाकरी धड थापलीही जायची नाही. आई सांगते, तेव्हाही मूठ चुकली नाही. लहान झाली असेल. मिझोराममधल्या ख्रिस्ती बाया रोज भात शिजवण्याआधी अशीच तांदळाची मूठ बाजूला काढतात, 1910 पासून, हे पुढे वाचलं तेव्हा मला आजीचा हात आठवला.

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात सांगितलंय की नव्या पिकाची पहिली पेंढी याजकाकडे नेईपर्यंत भाकर तर नाहीच, हुरडाही खायचा नाही. शेतात आगटी पेटलीय, कणसं भाजल्याचा वास सुटलाय आणि हात आवरायचा, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाकीचं पीक अजून उभंच आहे, घरात किती येईल ठाऊक नाही, तरी पेंढी आज द्यायची. भरवसा लागतो तो इथेच.

मी नेमकं उलटं करायचो. हप्ता, किराणा, मोबाईल, हॉटेल, सगळं झाल्यावर महिन्याच्या शेवटच्या रविवारी खिशात हात घालून जी नोट लागेल ती अर्पणाच्या थैलीत. एका रविवारी 20 ची नोट निघाली. आदल्याच रात्री जेवणावर मी 900 रुपये घालवले होते. त्या दिवशी मला प्रार्थनेला डोळे मिटवेनात.

पुढच्या पगारापासून पैसे जमा झाले की सगळ्यात आधी 500 रुपये लिफाफ्यात घालू लागलो. दशमांशापर्यंत पोचायला चार वर्षं लागली. देवाला दिलं की दुप्पट परत येतं असं कुणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. माझा पगार काही त्याने वाढला नाही. महिनाअखेरीची धाकधूक मात्र गेली.

आणि आईच्या औषधांना हात लावू नका. आईबापाला द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने मार्कच्या शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायात फार कडक शब्दांत सुनावलंय. तो खर्च देवाच्या वाट्याविरुद्ध धरूच नका. तसंच कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर अर्पण देऊ नका. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलं ते प्रत्येकाने आपापल्या मिळकतीच्या मानाने, आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवायला. पाळकसाहेबांना घरची परिस्थिती मोकळेपणाने सांगा.

सकाळचा पहिला वेळ देवाला देण्याचंही तसंच. मान्ना, म्हणजे रानात इस्राएली लोकांना देवाने दिलेलं अन्न, भल्या पहाटे गोळा करावा लागायचा, ऊन चढलं की वितळून जायचा. माझं ऊन म्हणजे फोन. तो हातात आला की कामावरचे मेसेज, बातम्या, आणि अर्धा तास गेला. म्हणून तो रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवतो आणि सकाळी चहा होईपर्यंत एक स्तोत्र मोठ्याने वाचतो. बायको गॅसपाशी उभी राहून ऐकते, कधी मधेच थांबवून एखादी ओळ पुन्हा वाचायला लावते.

या महिन्यात 200 जमत असतील तर 200 काढा. फक्त पगार जमा झाला त्याच दिवशी, आणि घरात सांगून.