‘चर्चला गेलास का?’

वाचकांचा प्रश्न, वाचकांचं उत्तर

प्रश्न : माझा मुलगा दीड वर्षापूर्वी इंदूरहून बडोद्याला इंजिनिअरिंग शिकायला गेला. घरी असताना त्यानं एक रविवार चुकवला नाही, तरुण संघात पेटी वाजवायचा. आता फोनवर ‘चर्चला गेलास का?’ एवढं विचारलं तरी चिडतो. परवा म्हणाला, ‘आई, तुला दुसरा विषयच नाही का?’ त्याची श्रद्धा सुटली का? मी काय करू?
— एक आई, इंदूर

उत्तर : (बडोद्यातच शिकणाऱ्या एका वाचक विद्यार्थिनीनं हे लिहून पाठवलं आहे.)

काकू, सलाम.

मी नगरची. इथे सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमचा प्रश्न वाचून पहिल्यांदा मनात आलं ते हे, की तो चिडतो म्हणजे तुमच्याशी खोटं बोलत नाही. मी बोलले. २०२४ च्या मार्चपासून ऑगस्ट संपेपर्यंत, रविवारी संध्याकाळच्या फोनवर. ‘गेले होते ना, आई.’ मग आई विचारायची, वचन कशावर होतं. म्हणून मी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एखादं स्तोत्र आधीच ठरवून ठेवायची. आईला आवाजावरून काही कळलं नाही, कारण मी चिडले नव्हते. अगदी गोड बोलत होते.

कारण सांगते. मार्चमध्ये माझी आजी गेली. तिनंच मला वाढवलं. माझी परीक्षा चालू होती म्हणून घरच्यांनी उशिरा कळवलं, आणि मी नगरला पोहोचले तोवर माती दिली होती. मंडळीतले सगळे भेटायला आले. सगळे भले लोक. प्रत्येक जण एकच म्हणत होता, ‘प्रभूनं तिला आपल्याकडे नेलं, रडू नकोस.’ मला रडायचं होतं. मी परत आले आणि ३१ मार्चला, ईस्टरच्या सकाळी, खोलीचं दार लावून झोपून राहिले. पुनरुत्थानाची गाणी त्या दिवशी मला ऐकवली नसती. मे महिन्यात घरी गेले तेव्हा आईशेजारी बाकावर बसून नुसते ओठ हलवले.

आणखी एक गोष्ट होती, ती तुमच्या मुलाचीही असू शकेल. इथे फतेगंजच्या बाजूला चर्च आहेत, माणसंही चांगली आहेत, पण मी गेले त्या उपासना गुजराती, हिंदी नाही तर इंग्रजी. मला प्रार्थना फक्त मराठीत येते. आजीच्या मराठीत. वर्गातली एक मुलगी सहज म्हणाली होती, ‘तू मराठी कशी, तू तर ख्रिश्चन ना?’ तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण इथे मराठी मंडळात मी ख्रिश्चन आणि चर्चमध्ये मी मराठी, असं काहीतरी होऊन बसलं होतं. आमच्या नगरात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आहे. तिथे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग पूर आला. जन्माष्टमी २६ ऑगस्टला होती, त्याच सुमाराला. आजवा सरोवर सयाजीराव महाराजांनी शहराला पाणी मिळावं म्हणून बांधवून घेतलं. तिथून येणारं पाणी आणि वरचा मुसळधार पाऊस एकदम आले की शहराच्या मधून जाणाऱ्या विश्वामित्रीला जागा पुरत नाही. धोक्याची पातळी २५ फूट. त्या दिवसांत पाणी ३५ फुटांच्या वर गेलं आणि नदीतल्या मगरी वस्तीत शिरल्या. मी कारेलीबागेत एका मराठी मावशींकडे वरच्या मजल्यावर राहते. त्यांच्या घराण्याला बडोद्यात चार पिढ्या झाल्या, खिडकीला त्या ‘बारी’ म्हणतात. खालच्या मजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी होतं. दोन दिवस वीज नव्हती. देव्हारा, गव्हाचं पिंप आणि अल्बम आम्ही दोघींनी वर आणले, बाकीचं राहिलं.

पाणी उतरल्यावर चिखल काढायला बसलो. तो चिखल नुसत्या पाण्यानं निघत नाही, आधी खरवडावा लागतो. खरवडता खरवडता मी गुणगुणत होते. मला भानही नव्हतं. आजी भांडी घासताना म्हणायची तेच भजन. मावशी थांबल्या. म्हणाल्या, ‘तुकोबांचा कुठला गं हा अभंग? मी नाही ऐकलेला.’

मी सांगितलं, हा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. त्यांना फक्त कवी टिळक ठाऊक होते, शाळेतले. मग त्या फरशीवर बसूनच मी सांगत गेले, जे मला आजीनं सांगितलं होतं. १८६१ चा जन्म, कोकणातला. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. पुढची कितीतरी वर्षं नगरला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, आणि ख्रिस्ताची भजनं त्यांनी अभंगात, ओवीत लिहिली. मावशींनी खराटा भिंतीला टेकवला आणि म्हणाल्या, ‘पुढचं म्हण.’

मला दोनच कडवी येत होती. तिसरं आठवेना. आजी गेल्यापासून ते म्हणणारं कुणी नव्हतं, आणि इथे मी सहा महिने कुठल्या उपासनेला गेलेही नव्हते.

म्हणून मी आईला फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे ती घाबरली. मी म्हटलं, आजीच्या भजनाचं तिसरं कडवं सांग. ती म्हणाली, उद्या चर्चमध्ये पुस्तकात बघ की. तिथे माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. मार्चपासून गेले नाही, स्तोत्रं ठरवून सांगत होते, लोकांनी मला रडू दिलं नाही. आई खूप वेळ काही बोलली नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं. मग तिनं ते कडवं गायला सुरुवात केली. तिचा आवाज फाटत होता. आजीसाठी तीही रडली नव्हती हे मला तेव्हा कळलं.

काकू, तुमच्या मुलाचं कारण मला माहीत नाही. मेसचं जेवण असेल, राहिलेला विषय असेल, एखादं दुःख असेल. श्रद्धा सुटली का, हे त्याला विचारू नका. मला कुणी विचारलं असतं तर मी ‘नाही’ म्हटलं असतं आणि तेही खोटं असतं, कारण मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. रोज सकाळी मोबाइलवर वचन पाठवत असाल तर काही दिवस थांबवा. त्यापेक्षा त्याच्याकडे काहीतरी मागा. पेटी वाजवायचा म्हणता, तर एखाद्या भजनाची चाल फोनवर वाजवून दाखव म्हणा, तुम्हाला अडली आहे म्हणून. खरंच अडलेली मागा, तो ओळखेल. आणि तुमचं काही दुखत असेल तर ते त्याला सांगा. माझी आई सहा महिने मला फक्त विचारत होती, स्वतःचं काही सांगत नव्हती.

टिळकांच्या घरातली गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं त्या घरावर काय गेली असतील याचा मी हल्ली पुष्कळ विचार करते. लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःला पटल्यावर आल्या.

मी आता महिन्यातून दोनदा जाते. गुजराती उपासनेला. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की मी मराठीत हळू म्हणते, शेजारच्या बाईंना ते चालतं. नाताळला आईनं करंज्या आणि शंकरपाळ्या पाठवल्या. मावशींनी करंजी आधी देवापुढे ठेवली आणि मग खाल्ली. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेहून यायला साडेबारा वाजले, तेव्हा त्या कुलपाची किल्ली हातात धरून जिन्यात बसल्या होत्या.

रविवारी फोन अजून येतो. आई चर्चचं विचारत नाही. तिसरं कडवं मला अजून सलग येत नाही, म्हणून ती पुढे म्हणते आणि मी मागून.