काजूच्या बुंध्यावर माती आणि मुळाशी भुसा: वाळवी की रोठा?

एका काजूच्या बुंध्यावर माती चढलीय, दुसऱ्याच्या मुळाशी भुसा पडलाय, आणि दोन्हींवर वाळवीचंच औषध मारू का, असं तुम्ही विचारलंय. आमचीही गोव्यात सत्तरी तालुक्यात काजूची बाग आहे, त्यावरून सांगतो: माती चढली ती वाळवी, ते झाड राहू द्या; भुसा पडला तो रोठा, म्हणजे खोड-मूळ पोखरणारी अळी, त्याचं आजच बघा.

वाळवीला ऊन-वारा सोसत नाही. मातीचं आवरण करत ती चढते आणि त्याखाली सालीचा सुका, मेलेला थर खाते. कोयत्याच्या पाठीने माती खरवडा. खालची साल घट्ट आणि आतून ओलसर असेल तर झाडाला धोका नाही. आपल्याकडची वारूळवाली वाळवी खाल्लेल्या लाकडावर वारुळात बुरशी पिकवते. पावसात आपण चढ्या भावाने घेतो ती रोयणीवरची (वारुळावरची) अळमी, म्हणजे रानटी मशरूम, त्याच बुरशीची. त्यामुळे बागेतल्या वाळवीवर माझा फारसा राग नाही. (घराच्या वाशांना लागली तर गोष्ट वेगळी!)

रोठा मात्र जिवंत झाडच खातो. ही लांब मिशांच्या तांबूस-तपकिरी भुंगेऱ्याची अळी. मादी बुंध्याच्या खालच्या भेगांत, उघड्या मुळांवर अंडी घालते. अळी सालीखाली शिरून झाडाचा अन्नरस वाहणारा भाग कुरतडते, तेही कित्येक महिने. भोकातून डिंकात कालवलेला भुसा बाहेर येतो, ही तिची खूण. बुंधा चहूबाजूंनी पोखरला गेला की पानं पिवळी पडतात, झाड वाळतं. मग मेलेल्या लाकडावर वाळवी चढते आणि नाव तिचंच होतं.

औषधाआधी पटाशी घ्या. सैल साल काढत बोगद्याच्या मागावर जा. बोटाएवढी पांढरी अळी सापडेल. खोल असेल तर सायकलच्या तारेचा आकडा करून ओढा. लाकडात चुन्यासारख्या कवचाचा कोष दिसला तर तोही फोडा. नंतर बुंध्याला मीटरभर उंचीपर्यंत आणि उघड्या मुळांना ५ टक्के कडुनिंब तेलाचं द्रावण चोळा. शेजारची झाडंही तपासा, विशेषतः जुनी.

निम्म्याहून जास्त घेर पोखरलेला आणि पानं पिवळी असतील तर ते झाड वाचत नाही. मुळासकट काढा, आणि चुलीला होईल म्हणून लाकूड बागेत रचून ठेवू नका. आतल्या अळ्यांचे भुंगेरे होऊन चांगल्या झाडांवर जातात.