हप्ते थकले, देवगडचं घर आणि कलमांची बाग जप्त होईल का?

लगेच नाही. घाबरून नोटीस परत पाठवू नका. घ्या, आणि पाकीटही जपून ठेवा. मुंबईच्या भावाकडे गेलेली नोटीस गावात कळते ती पडवीच्या खांबाला कागद चिकटल्यावर, तोवर निम्मे दिवस गेलेले असतात.

बँक २००२ च्या सरफेसी कायद्याने, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायच्या कायद्याने आली असेल तर आधी ६० दिवसांची नोटीस लागते. तेवढ्यात लेखी हरकत द्या, बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. ताबा घेतलाच, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. गावचे पुढारी मध्यस्थीचं गाजर दाखवतात, त्यात ही मुदत घालवू नका.

बागेचं वेगळं. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. पण नुसता सातबारा पुरत नाही, तिथे खरोखर शेती हवी. बिनशेती करून होमस्टे उभा केला असेल तर ही सूट विसरा.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर गोष्टच निराळी. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला (थकबाकी वसूल करायचा हुकूम) काढते, आणि तिथे शेतजमीनही सुटत नाही.

सातबारा सामायिक आहे ना? मग तारणखतावर कोणाकोणाच्या सह्या आहेत ते आजच बघा.