कपाटाचं कुलूप आधी काढा

प्रश्न : मुलगा इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला, सीजीपीए 7.1. केऑस थिअरी वापरून चार्जरचा ईएमआय कमी करण्याचा प्रोजेक्ट करणार म्हणतो. नुसता गोंधळ! मी सोल्डरिंग गन कपाटात कुलपात ठेवलीय, कोडिंगचा क्लास लावलाय. त्याला तुम्हीच समजवा. – एक वडील

उत्तर : 7.1 ची मला काळजी नाही, कुलपाची आहे. एवढ्या मोठ्या मुलाचं हत्यार तुम्ही काढून घेतलंत आणि समजवायचं मी? तुम्ही हे पत्र लिहिलंय, हे त्याला माहीत तरी आहे का?

आता गोंधळाचं, म्हणजे केऑसचं. (इथला ईएमआय म्हणजे कर्जाचा हप्ता नव्हे, विद्युतचुंबकीय व्यत्यय.) चार्जरमधला स्विच समजा सेकंदाला एक लाख वेळा (म्हणजे 100 किलोहर्ट्झने) चालू-बंद होतो. ठेका अगदी पक्का असला की त्याच्या पटीत, 200, 300, 400 किलोहर्ट्झ अशा नेमक्या जागी, स्पेक्ट्रमच्या ग्राफवर व्यत्ययाचे सुळके उठतात. वायरमधून बाहेर पडणारा हा उपद्रव 150 किलोहर्ट्झपासून 30 मेगाहर्ट्झपर्यंत मोजतात. एक सुळका जरी मर्यादेबाहेर गेला तरी चार्जर नापास. केऑस तो ठेका मुद्दाम हलवतो, सुळके बसतात. यात नशिबाचा खेळ नाही. पुढचा प्रत्येक ठोका सूत्रानेच ठरतो, फक्त तोच क्रम पुन्हा येत नाही. डीन आणि हॅमिल या संशोधकांनी 1996 मध्येच हा उपाय मांडला होता.

चिरंजीवांनीही हुरळून जाऊ नये. व्यत्ययाची ऊर्जा नाहीशी होत नाही, पसरते, आणि आउटपुटचा रिपल (बाहेर येणाऱ्या व्होल्टेजमधला बारीक चढउतार) वाढू शकतो. कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती डेसिबल उतरले आणि त्यापायी रिपल किती वाढला, हे आकड्यांत सांगता आलं नाही तर प्रोजेक्ट कच्चा.

'केऑसवाला पाहिजे' अशी जाहिरात येणार नाही, हे खरं. पण ईएमसी चाचणीत (उपकरण इतरांना व्यत्यय आणत नाही ना आणि इतरांचा सोसतं ना, हे पाहणारी) माल का नापास झाला हे शोधणारा माणूस ईव्ही आणि चार्जर बनवणाऱ्यांना लागतोच. पुण्यात एआरएआय या वाहन संशोधन संस्थेची ईएमसी लॅब आहे, तिथे काय चालतं याची त्याने माहिती काढावी. एम.टेक. करायचं असेल तर गेट परीक्षा आहेच.

क्लास बंद करू नका. केऑसचं सूत्र कंट्रोलरमध्ये घालायला सी भाषेत कोड लिहावाच लागतो. पण गन आजच परत द्या, आणि अर्धा तास त्याच्या टेबलाशी बसून सुळका म्हणजे काय ते त्याच्याकडून समजून घ्या. तुम्हाला कळेल असं त्याला सांगता आलं नाही, तर मला पत्र त्याने लिहावं. सोबत स्पेक्ट्रमचा ग्राफ जोडावा.