एमजीबीच्या वायर व्हीलचा आऊट काढण्यापूर्वी

आपल्या १९६७ च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची पुढची वायर व्हील, म्हणजे तारांच्या स्पोकची चाके, ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे डगमगतात, बॅलन्सिंग करूनही फरक पडला नाही, तेव्हा चाके गाडीवर ठेवूनच स्पोक आवळावेत का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की टायर चढवलेला असताना स्पोक आवळू नयेत, आणि त्याआधी दोष चाकात आहे की हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागात, हे नक्की करावे.

या गाडीचे वायर व्हील बोल्टवर बसत नाही. हबवरच्या दात्यांवर, म्हणजे स्प्लाइनवर, ते सरकते आणि मधल्या एकाच मोठ्या नटाने आवळले जाते. ब्रेकचा सगळा जोर हे दातेच सोसतात. चाक जॅकवर उचलून सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि चाक पुढे-मागे हलवून पाहावे. हबवर चाक किंचितही फिरले किंवा टक्क असा आवाज आला, तर दाते झिजले आहेत. ते टोकदार झाले असतील तर हब आणि चाक दोन्ही बदलणे हाच सुरक्षित मार्ग आहे, कारण झिजलेले चाक नव्या हबचे दातेही लवकर खाते.

बॅलन्सिंगचा उपयोग न होण्याचे कारण पुष्कळदा यंत्रावर चाक बसवण्याच्या पद्धतीत असते. हे चाक आतल्या आणि बाहेरच्या उतरत्या कडांवर मध्यात येते. यंत्रावर चाक मध्यात धरणारा नेहमीचा शंकू स्प्लाइनच्या कडेला टेकला तर यंत्र चुकीचे माप दाखवते. त्यासाठी दोन्ही कडांवर बसणारा अडॅप्टर असलेले दुकान शोधावे.

एवढे करूनही आऊट, म्हणजे फिरताना रिमचे वर-खाली किंवा बाजूला डोलणे, राहिला तर चाक उतरवून टायर, ट्यूब आणि रिमवरची पट्टी काढावी. साठही स्पोक पेन्सिलीने वाजवून पाहावेत. घट्ट स्पोक खणखणतो, सैल स्पोक बद्द वाजतो. सैल स्पोक बरेच असतील किंवा निपल, म्हणजे रिमकडच्या टोकाला स्पोक आवळणारे छोटे नट, गंजून अडकले असतील, तर चाक जाणकाराकडे द्यावे, कारण जोर लावल्यास स्पोक तुटतात. एरवी निपलना तेल देऊन डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारे काट्याचे मापक, लावावे आणि आधी वर-खाली होणारा, मग बाजूचा आऊट काढावा. बाहेरच्या कडेचे स्पोक आवळले की रिम बाहेर येते, आतले आवळले की आत जाते. म्हणून एका कडेचा स्पोक पाव फेरा आवळताना त्याच जागी दुसऱ्या कडेचा तेवढाच सैल करावा, नाहीतर रिमचे हबपासूनचे अंतरच बदलते. दोन्ही आऊट दीड मिलिमीटरच्या आत आले की मी थांबतो. रिमच वाकलेली असेल तर स्पोकने ती सरळ होत नाही, हे मात्र मान्य करावे लागते.

टायर काढण्याचा आग्रह एवढ्याचसाठी की आवळलेल्या स्पोकचे टोक निपलच्या वर येते आणि ट्यूब फाडते. अशी टोके कानशीने घासून नवी पट्टी लावावी. चाक परत चढवताना स्प्लाइन पुसून ग्रीस लावावे, आणि थोडे अंतर चालवल्यावर नट पुन्हा आवळून पाहावा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या हबचे आटे उलट असतात. त्यांची अदलाबदल झाली तर चालत्या गाडीत नट सैल होऊ शकतो.